नाचणाऱ्या घोडीची गाडी

लेकीला लग्नात आंदण म्हणून गाय द्यायची आमच्याकडे पद्धत. माझ्या वडिलांनी मला घोडीचं शिंगरू दिलं. गाय दिली असती तर ती सासरच्या गोठ्यात इतर गायींत मिसळून गेली असती आणि माझे दिवसही सरळ गेले असते. पण वडिलांना घोड्यांचं वेड, आणि त्या वेडाचा अर्धा वाटा त्यांनी माझ्यासोबत केदारखेड्याला लावून दिला. ट्रॅक्टरमागे दोरीला बांधलेलं ते तांबडं शिंगरू बघून माझ्या सासूबाईंनी ओवाळायचं ताट खाली ठेवलं होतं, असं माझी नणंद अजून सांगते.

"हे दूध देनार हाय का?" हा सासूबाईंचा मला आणि शिंगराला मिळून पहिला प्रश्न.

शिंगराची घोडी झाली. दिसायला देखणी, कपाळावर पांढरा टिळा, आणि खायला दोन बैलांइतकी. शेतात तिचा काडीचा उपयोग नव्हता. भोकरदनच्या बाजाराचा दिवस आला की सासूबाई घोडी विकायचा विषय काढत, आणि मी भाकरी थापता थापता इतक्या जोरात थापत असे की सासरे बाहेरूनच विचारत, "आज काय भाकरीवर राग हाय का?" रागीट मी आहेच. ते लपवून ठेवायचं कौशल्य मला कधी जमलं नाही.

शेवटी मी ठरवलं की घोडीला कामाला लावायचं. वडील हलगीच्या ठेक्यावर घोडी नाचवायला शिकवत, ते लहानपणी मी रोज बघितलेलं होतं. माझ्याकडे हलगी नव्हती, म्हणून कडब्याच्या गंजीमागे तेलाचा रिकामा डबा वाजवून मी सुरुवात केली. ठेक्याला पाय उचलला की गुळाचा खडा. पाय उचलायला शिकली, मग जुन्या बाजेवर पुढचे दोन पाय ठेवायला, आणि उन्हाळा संपेस्तोवर चारी पाय बाजेवर ठेवून गोल फिरायला शिकली. बाज मोडली, पण घोडी तयार झाली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सून डोक्यावर पडलीय.

त्याच वर्षी भावकीतल्या एका लग्नात ठरवलेली घोडी आली नाही. नवरदेवाला परण्यासाठी, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला, पायी न्यायची वेळ आली. मी आमची घोडी पुढे केली. ती त्या दिवशी अशी नाचली की वऱ्हाड जेवायला बसायचं विसरलं. तिथून पुढे लोक आमचं घर शोधत यायला लागले. सासूबाईंनी बाजाराच्या दिवशी विषय काढणं बंद केलं, आणि मीही भाकरी हळू थापायला लागले.

पण खरी अडचण मला तेव्हा कळली. घोडी घेऊन परगावी जायचे ते माझे मालक. मी घरी. आणि ही बया माझ्या हाताशिवाय वैरणीला तोंड लावत नसे. जवळचं गाव असलं की चालून जायचं, चालून यायचं, संध्याकाळी घरी येऊन खायची. लांबचं लग्न लागलं की दोन दिवस उपाशी. जाफराबादच्या पलीकडे लागोपाठ तीन लग्नं घेतली, तेव्हा ती परत आली ती बरगड्या मोजता येतील अशा अवस्थेत, आणि डांबरावर चालून चालून खूर झिजलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, असंच चाललं तर पुढचा हंगाम ही काढणार नाही.

त्या संध्याकाळी मी घोडीच्या गळ्यात पडून रडले. लाज कशाची, रडू आलं म्हणून रडले.

सासूबाई या वेळी रागावल्या नाहीत, हेच जास्त वाईट होतं. त्या समजुतीनं म्हणाल्या, "मरून जाण्यापरीस दुसऱ्याच्या दावणीला जगू दे माय तिला." जालन्याच्या एका घोडेवाल्यानं आधीच विचारणा केली होती. तुळशीची लग्नं लागली की येऊन घोडी घेऊन जातो, असं त्याचं आणि घरातल्या मोठ्यांचं बोलणं झालं. मला कुणी विचारलं नाही. आंदण माझं होतं, पण गोठा त्यांचा होता.

मी म्हटलं, "मी घोडीसंगं जाते. मी संगं असले की ती खाते."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "अन् निजनार कुठं? लोकाच्या ओट्यावर? आमची सून दुसऱ्याच्या दारात अंग टाकनार अन् मी हितं बसून गावाचं ऐकनार? बिलकुल न्हाई."

"मंग कुठं निजलं तर चालंल तुम्हाला?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

"आतून कडी लागती अशी खोली असंल तिथं नीज. मी काही म्हननार न्हाई."

त्यांनी ते विषय संपवायला म्हटलं होतं. लग्नाच्या गावात पाहुण्या बाईला कडीची खोली कोण देणार? नवरीलासुद्धा मिळत नाही. पण मी ते शब्द धरून बसले. घोडी उभी राहील आणि पुढे मला कडी लावून झोपता येईल, अशी गाडी आणायची. आमच्या घरात सामायिक ट्रॅक्टर होता, त्यामागे जोडली की झालं. घोडीचे खूर वाचतील, माझ्या हातचं खाईल, आणि सासूबाईंची अटही पाळली जाईल. तुळशीच्या लग्नांच्या आत गाडी मिळाली तर घोडी माझी, नाही तर जालन्याची. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते नांगराचा फाळ घासत होते. घासणं न थांबवता म्हणाले, "बरं, बघू." आमच्या घरात पुरुषांचं 'बघू' म्हणजे नाही. पण यांनी खरंच बघायला सुरुवात केली, त्याबद्दल मी त्यांचे शंभर अपराध माफ केले आहेत.

पहिल्यांदा आम्ही जालन्याला एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मालकानं कागदावर चित्र काढून दाखवलं. पुढे खोली, खोलीला पंखा, मागे घोडी, घोडीलाही पंखा. मग त्यानं किंमत सांगितली. ह्यांनी शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठले. आमच्याकडे दोन हंगामांतल्या लग्नांचे शिल्लक पैसे होते आणि एक कालवड विकून आलेले. तेवढ्यात त्या चित्रातले दोन पंखे आले असते.

म्हणून जुन्याचा शोध. जालन्यातच एक बंद टपाची मॅटॅडोर विकायला होती. पूर्वी तिच्यातून पाव आणि खारी जायची, आतून अजून त्याचा गोड वास येत होता. घोडी काही आम्ही जालन्याला नेली नव्हती. घरून निघताना मी बैलाच्या कासऱ्यानं तिचं माप घेतलं होतं. लांबीची एक गाठ, उंचीची एक गाठ, पोटाच्या रुंदीची एक गाठ. तो कासरा घेऊन मी मॅटॅडोरमध्ये चढले आणि मोजलं. सगळ्या गाठी बसल्या. चालकाच्या मागे मला झोपायला जागा निघत होती, दाराला कडी होती. ह्यांचा चेहरा उजळला. ते हात पुढे करून व्यवहार पक्का करणार, तेवढ्यात मी विचारलं, "अन् नाचली तर?"

गाडीवाला हसला. "गाडीत कशाला नाचंल घोडी?"

कशाला म्हणजे? लगीनसराईत रस्त्यानं जाताना दर दोन गावांना एक परण्या आडवा येतो. बँड वाजतो, हलगी वाजते. ही घोडी ठेका ऐकला की पाय उचलते, मग ती बाजेवर असो की चिखलात. पुढचे पाय उचलले की डोकं कुठं जाईल? मी कासऱ्याची उंचीची गाठ टपाला लावली आणि वर किती जागा उरते ते दाखवलं. जेमतेम वीतभर.

"खिडक्या लावून घ्यायच्या," गाडीवाला म्हणाला.

"आमच्या घोडीला खिडकीतून ऐकायची सवय न्हाई," मी म्हटलं आणि खाली उतरले.

परतीच्या एसटीत हे माझ्याशी बोलले नाहीत. राजूर आलं तेव्हा एकदाच म्हणाले, "माप तर बराबर होतं." मीही उत्तर दिलं, "उभ्या घोडीचं होतं." मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. मला मनातून भीती वाटत होती की हातची गाडी मी नुसत्या जिभेच्या तोऱ्यानं घालवली. दिवस उरले होते थोडे.

मग ह्यांच्या ओळखीच्या एका माणसानं अंकुशनगरकडून उसाची एक जुनी ट्रॉली आणून दिली, दोनचाकी. वाटलं तर ठेवा, नाही तर परत द्या, असा व्यवहार. लोखंड मजबूत, वरून उघडी, म्हणजे टपाचा प्रश्न नाही. पुढच्या बाजूला पत्र्याची खोली करून घेऊ, दाराला कडी लावू, असं ठरलं. या वेळी ह्यांनी स्वतःच सांगितलं, "आता घोडी चढवूनच बघू. अन् वाजवूनच बघू. पुन्हा मला एसटीत गप बसायचं न्हाई."

गावातला हलगीवाला आला. तो आला म्हणून अर्धं गाव आलं. सासरे खुर्ची घेऊन बसले, सासूबाई दारात उभ्या राहिल्या. बांधावरून फळ्या टाकून मी घोडी ट्रॉलीत चढवली. ट्रॅक्टर तेवढ्यात दिराला शेतात पाळी घालायला हवा होता म्हणून ह्यांनी तो सोडून दिला आणि ट्रॉलीच्या दांडीखाली दगड लावून स्वतः दांडीवर बसले, वजन म्हणून.

जन्मभर बैलगाडी हाकलेल्या माणसानं ही चूक करावी, याचं मला आजही हसू येतं. गाडीत मागं जास्त भरलं की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे आमच्याकडचं पोरगंसुद्धा जाणतं. बैलगाडी भरताना ह्यांनी हजार वेळा ओझं पुढं-मागं करून बघितलं असेल. पण घोडी म्हणजे ओझं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ती त्यांना पाहुणी वाटत होती.

हलगी वाजली. घोडीनं कान टवकारले, एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि नाचत नाचत मागं सरकली. आणखी एक ठेका, आणखी थोडी मागं. आणि मग दांडी हळूहळू वर जायला लागली. तिच्यावर बसलेले आमचे मालक, टोपीसकट, गावाच्या डोळ्यांदेखत आभाळाकडे निघाले. ट्रॉलीचा मागचा भाग जमिनीला टेकला, घोडी घसरगुंडीवरून उतरावी तशी अलगद खाली उतरली आणि मातीत नाचत राहिली. हलगीवाला हसत होता पण त्यानं हलगी काही थांबवली नाही. वजन उतरल्यावर दांडी धप्पकन खाली आली, आणि मालकही.

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे उलाळ झाली की रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ह्यांनी कपडे झटकले, आणि मी घाबरून जवळ गेले तर मला म्हणाले, "ट्रॅक्टर सोडून उभी करायची तर चार चाकं पायजेत." राग नाही, काही नाही. त्या क्षणी मला ते फार आवडले.

चार चाकं, वरून मोकळी, पुढे कडीची खोली. असली गाडी कोण कशाला बनवून ठेवेल? ट्रॉली परत गेली. तुळशीला आवळे-चिंचा आणायचे दिवस आले. सासूबाईंनी मला घोडीच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायला सांगितली, ती घोडीबरोबर जालन्याला जाऊ नयेत म्हणून. मी काढली नाहीत.

आणि मग जाफराबादकडून एका ओळखीच्या जीपवाल्यानं निरोप आणला. जाफराबादच्या बऱ्याच अलीकडच्या एका गावात पूर्वी जत्रेजत्रेतून तंबूचा सिनेमा दाखवणारं एक कुटुंब होतं. घरोघरी टीव्ही आले, मग केबल आली, तंबू बंद पडला. त्यांची सिनेमाच्या मशीनची गाडी शेतात उभी होती आणि भंगारवाला तिच्यावर डोळा ठेवून होता.

आम्ही पहाटे घोडी घेऊन चालत निघालो. या वेळी घोडीशिवाय बघायचंच नव्हतं. मीही बरोबर होते. दिवसाउजेडी परत यायचं, या बोलीवर सासूबाईंनी हो म्हटलं होतं.

गाडी बघितली आणि चालून आल्याचा सगळा शीण निघून गेला. चार चाकांचा लांब सांगाडा. मागे तंबूचे खांब, पत्रे आणि जनरेटर ठेवायचा मोकळा हौदा, त्याला जाड सागवानी फळ्या आणि मागे उघडणारा फाळका. आणि पुढे, ट्रॅक्टरच्या बाजूला, लाकडी खोली. खरीखुरी खोली, बाजूला दार, दाराला पायरी. त्या खोलीत मशीन असायचं आणि मागच्या भिंतीतल्या दोन चौकोनी भोकांतून सिनेमा पडद्यावर जायचा.

गाडीच्या मालकांशी ह्यांचं बोलणं चालू होतं तोवर त्यांच्या बायकोनं मला आत नेलं. ती माझ्याहून बरीच मोठी, आवाज जाड, बोलणं तुटक. जत्रांच्या हंगामात ती आणि तिचा नवरा याच खोलीत राहत. तिनं मला स्टोव्ह कुठं ठेवायचा ते दाखवलं, लुगडी टांगायच्या खुंट्या दाखवल्या, फळीचा पलंग खाली पाडून दाखवला.

"बाहेर हजार मानूस बसलेलं असायचं," ती म्हणाली, "अन् मी हितं कडी लावून केस विंचरायची. माझ्या घरात मला अशी जागा न्हाई भेटली."

कडी पितळेची होती. मी ती लावली, काढली, पुन्हा लावली. मग भोकातून मागं बघितलं तर ह्यांनी घोडी हौद्यात चढवली होती. मी भोकातून हात बाहेर काढला, आणि घोडीनं माझा हात हुंगला. पलंगावर बसल्या बसल्या मला तिला चारता येणार होतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वाजवायला हलगी नव्हती. पण तंबूचा जुना भोंगा होता. सिनेमाला लोकांना बोलवायला ते त्यावर गाणी लावत. मालकानं तो जोडला, आणि शेतातल्या शेतात एकदम जत्रा भरल्यासारखा आवाज झाला. घोडी नाचली. पुढचे पाय उचलून नाचली, मागं सरकून नाचली, गोल फिरून नाचली. फळ्या दणाणल्या. गाडी हलली नाही. मी आत पलंगावर बसून होते आणि खुंटीवरचा कंदीलसुद्धा जागचा हलला नाही. ह्यांनी खाली उतरून दांडीकडे बघितलं, ती जमिनीला समांतर होती. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

आता पैसे. आमचे कमी पडत होते. भंगारवाला जास्त देत होता आणि त्याला घोडी नाचवून बघायची नव्हती. गाडीचे मालक तोंड वाकडं करून बसले. हे घासाघीस करायला निघाले तोच मी मध्ये बोलले. माझ्या सासरी बायका व्यवहारात तोंड घालत नाहीत, पण सासर तिथून लांब होतं.

"तुमच्या घरी लगीन हाय का कुनाचं?" मी बाईला विचारलं.

"पोराचं हाय. तुळशीनंतर पहिल्याच तिथीला."

"मंग परण्याला आमची घोडी येते. अशी नाचवते की तालुक्यात बोलतील. त्याचे पैसे गाडीत धरा."

मालक म्हणाले, "घोडी तर मी दुसरीबी आनीन, सस्ती."

बाई म्हणाली, "दुसरी आनायची न्हाई. मला हीच पायजे. अन् गाडी तोडायला द्यायची न्हाई." झालं. मालकांनी घसा खाकरला आणि हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी हे ट्रॅक्टर घेऊन गेले आणि गाडी घरी आणली. सासूबाई बाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली, पदर खोचून पायरी चढल्या आणि आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे. मी, हे, सासरे. बराच वेळ झाला. सासरे म्हणाले, "हाका मारू का?" मी म्हटलं, थांबा. मला वाटत होतं की त्या आत काहीतरी खोट शोधतायत, आणि शोधायला निघालेल्या माणसाला खोट सापडतेच.

कडी निघाली. सासूबाईंचे केस एका बाजूनं चपटे झाले होते. पलंगावर आडव्या झाल्या होत्या, हे कुणीही ओळखलं असतं.

"भोकाला पडदा लावा," एवढंच त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

तुळशीचं लग्न लागलं. जालन्याचा घोडेवाला दुसऱ्या सकाळी आला. मी चुलीपुढून उठलेच होते, दोन शब्द तोंडात तयार होते. पण सासूबाई माझ्या आधी ओट्यावर पोचल्या. "घोडी सुनेच्या आंदनाची हाय," त्या म्हणाल्या. "चहा घ्या अन् जा." तो चहा घेऊन गेला. मी तो चहा इतका गोड केला की ह्यांनी नंतर विचारलं, साखर सांडली होती का.

पहिलं लग्न अर्थातच गाडीच्या घरचं. निघायच्या सकाळी सासूबाई गाठोडं घेऊन पायरीवर येऊन बसलेल्या. "तुझ्यासंगं कुनी तर पायजे ना," म्हणाल्या. मी बाजूला सरकून जागा केली. ट्रॅक्टरवर हे, खोलीत आम्ही दोघी सासू-सून, आणि मागं घोडी. वाटेत दोन ठिकाणी परण्या लागला. दोन्ही वेळा घोडी नाचली, दोन्ही वेळा वऱ्हाडी हात करून ओरडले, आणि दुसऱ्या वेळी सासूबाईंनी पडदा बाजूला सारून स्वतःच्या हातानं घोडीला गूळ दिला. घोडीनं तो खाल्ला. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

लग्नघरी गर्दी उसळलेली. वरमाय म्हणजे तीच ती जाड आवाजाची बाई, आता पैठणीत, पण डोळे खोल गेलेले. चार दिवस पाठ टेकली नव्हती, असं तिचं तोंडच सांगत होतं. आम्हाला पाणी द्यायला म्हणून ती गाडीशी आली, आत डोकावली, आणि सासूबाईंना म्हणाली, "जराशी टेकू का मी हितं?"

"टेक की. तुझंच घर हाय," सासूबाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. आतून कडी लागली.

परण्याची वेळ झाली. नवरदेव बाशिंग बांधून तयार, बँडवाले फुंकर मारून तयार, घोडी झूल घालून तयार. घोडीच्या पायावर पाणी घालून कुंकू लावायचं ते वरमायनं, आणि वरमाय कुठं सापडेना. माडीवर नाही, स्वयंपाकात नाही, शेजारी नाही. नवरदेवाचा बाप घामाघूम होऊन फिरायला लागला. शेवटी कुणीतरी गाडीपाशी आलं. पायरीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून.

"वरमाय हितं हाय का?"

"हाय. निजली हाय."

"अहो, परण्या खोळंबलाय."

"खोळंबू द्या. जल्दी काय हाय? नवरदेव पळून चाल्ला का?" आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. नवरदेवाचा बाप आला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. ज्या बाईनं मला लोकांच्या दारात निजायची लाज सांगितली होती, ती लोकांच्या दारात बसून त्यांच्याच घरच्या बाईची झोप राखत होती. मी घोडीचा लगाम धरून लांबून बघत होते आणि माझी छाती अभिमानानं भरून आली. असली सासू कुणाला मिळत नाही.

वरमाय आपणहून उठली. कडी काढली, तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत पायरी उतरून आली. चेहरा असा ताजा की तिची जाऊ तिच्याकडे बघतच राहिली. तिनं घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि बँड सुरू झाला. घोडी त्या दिवशी मारुतीपर्यंत नाचत गेली आणि नाचत आली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तीन गावच्या पाहुण्यांनी तिथंच ह्यांच्याकडून पुढच्या तारखा घेतल्या, आणि तिघांनीही एकच विचारलं, गाडी संगं येते ना?

लग्न लागलं, पंगती बसल्या, दिवस मावळायला आला. मी घोडीची झूल काढली, तिला हौद्यात चढवलं आणि कडबा आणि भिजवलेला हरभरा पुढे ठेवला. परगावी, परक्या अंगणात, बँडच्या गोंगाटात ती पहिल्यांदा पोटभर खात होती. माझेही पाय दुखत होते. आता दहा मिनिटं पाठ टेकावी म्हणून मी पायरी चढले आणि दार ढकललं. आतून कडी. सासूबाईंचा बारीक घोरण्याचा आवाज येत होता, आणि त्यांच्या जोडीला आणखी एक, जाडसर. वरमाय पुन्हा येऊन निजली होती.

मी दार वाजवलं नाही. तिथंच पायरीवर बसले आणि घोडीचं खाणं ऐकत राहिले. हे पान खाऊन आले आणि म्हणाले, "अगं, तू भाईर काऊन बसली?"

"माझी खोली भरलीय," मी म्हटलं. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.